कार्यालय-वापर मापन

कार्यालयातील जागा, आसने, दप्तर व कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा प्रत्यक्ष वापर किती व केव्हा होतो, हे मोजून त्यावरून कार्यालयाची रचना ठरविण्याची पद्धती. जागेचे वाटप पूर्वी बहुधा पदाच्या मानाने होई. या पद्धतीत ते कामाच्या स्वरूपावरून करतात.

यादृच्छिक वेळी निरीक्षणे घेऊन एकूण वापराचा अंदाज बांधण्याची पद्धती ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वस्त्रोद्योगात रूढ केली. पुढे ती कार्यालयांनाही लागू झाली. जर्मनीतील क्विकबोर्न गटाने १९५८ पासून कागद व माणसे यांच्या ये-जा नोंदीवरून आसनांची मांडणी सुचविली. भारतात १९६४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयात स्थापन झालेले कर्मचारी निरीक्षण एकक कार्यमापनावरून कर्मचारीसंख्या ठरवू लागले.

महाराष्ट्रात १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील दप्तर, बैठकव्यवस्था व कार्यपद्धती यांची पुनर्रचना केली. ‘लखिना पद्धती’ या नावाने ती राज्यभर ओळखली जाते. अशा पुनर्रचनेस लागणारी आकडेवारी बव्हंशी कार्यालयातच असते. कार्यविवरण नोंदवहीतील आवक व निकालाच्या तारखांवरून काम कोठे साचते, ते कळते. दप्तराच्या अ वर्गातील कागद कायम, ब वर्गातील ३० वर्षे, तर ड वर्गातील केवळ १ वर्ष जपावयाचे असतात. ही छाननी रखडली, की निरुपयोगी कागदांची कपाटे जागा अडवितात आणि नव्या इमारतीची मागणी पुढे येते.

सरासरी मात्र फसवी असते. ४० आसनांची १० वेळा पाहणी करता ४०० पैकी २४० नोंदींत आसन भरलेले आढळले, तर वापर ६० टक्के ठरतो. तथापि एखाद्या वेळी ३८ आसने भरलेली असल्यास १६ आसने कमी करणे चुकीचे होईल. म्हणून सरासरीबरोबर गर्दीचा कमाल बिंदूही पाहावा लागतो.

नोंदवहीला दुसरीही मर्यादा आहे. ती कागदाचा प्रवास टिपते, माणसाचा नाही. संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी पठार भागातून दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याचा अर्ज तीत एकदाच नोंदला जातो. त्याचे हेलपाटे व बुडालेला रोज तीत उमटत नाहीत. अभ्यागतांच्या फेऱ्या व प्रतीक्षाकाळ स्वतंत्रपणे मोजले, तरच खिडक्यांची संख्या, बसण्याची सोय व कामाच्या वेळा लोकांच्या गरजेनुसार ठरविता येतात.