संगणकाआधी पेन्सिल : जालन्यातून ॲनिमेशनकडे जाणारी वाट

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका ओलांडला की सिल्लोड तालुका लागतो आणि पुढे अजिंठ्याचा डोंगर. तेथील लेण्यांच्या भिंतींवर जातककथा रंगविताना प्राचीन चित्रकारांनी एक युक्ती योजली होती. एकाच भित्तिचित्रात तीच व्यक्ती दोनदा, तीनदा दिसते. पाहणाऱ्याची नजर सरकते तशी कथाही पुढे सरकते. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट विभाग आकाराला आला, तेव्हा डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तेथील तरुणांना शिकविण्यासाठी आले. या विभागाच्या सुरुवातीच्या कामांपैकी १९५७ चा ‘द बन्यन डिअर’ हा लघुपट जातककथेवरच बेतलेला होता आणि त्याच्या चित्रशैलीला आधार होता तो अजिंठ्याचा. म्हणजे देशातील संघटित ॲनिमेशनचे पहिले धडे ज्या चित्रांकडे पाहून गिरविले गेले, ती जालनेकरांच्या एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहेत.

तरीही जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने बारावीनंतर ‘ॲनिमेशन करायचे आहे’ असे सांगितले, की घरात चर्चा सुरू होते ती संगणकाची, सॉफ्टवेअरची आणि एखाद्या खासगी संस्थेच्या लाखाच्या घरातील शुल्काची. चित्र काढता येते का, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. पुष्कळदा विचारलाच जात नाही. ज्या घरात हे शुल्क कर्ज काढून किंवा शेतीच्या उत्पन्नातून भरावे लागते, तेथे हा क्रम उलटा पडणे महागात जाते.

ॲनिमेशन म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावयास हवे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. एका मिनिटाच्या होतात १,४४०. हाताने काढलेल्या चित्रपटात बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, तरीही मिनिटाला ७२० चित्रे लागतात. संगणकाने या श्रमांचा मोठा भाग आपल्याकडे घेतला आहे, हे खरे. पण चित्रातील पात्र केव्हा थांबावे, कोठे वाकावे, पाऊल किती जड पडावे, हे ठरवावे लागते माणसालाच. मोसंबीचे भरलेले पोते उचलणारा हमाल आधी गुडघ्यांत वाकतो, श्वास रोखतो आणि मग पोते वर येते. ही आधीची हालचाल वगळली, तर पडद्यावरचे पोते कापसाचे वाटते. बसलेला बैल उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, घोडा मात्र पुढचे. खेड्यात वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. महानगरातील स्टुडिओत बसलेल्या मुलाला ते चित्रफिती पाहून शिकावे लागते. फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ज्येष्ठ कलावंतांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली, ती बहुतांशी अशाच निरीक्षणातून आलेली आहेत. आज जगभरच्या संस्थांत तीच शिकविली जातात, सॉफ्टवेअर कोणतेही असो.

हे निरीक्षण आणि ते कागदावर उतरविणारा हात घडविण्याचे काम कला महाविद्यालय करते. राज्यातील शासकीय कलाशिक्षणाची केंद्रे मोजकीच : मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय व उपयोजित कला महाविद्यालय (२०२३ पासून ‘जेजे’ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे), नागपुरात एक आणि छत्रपती संभाजीनगरात एक. शेवटचे जालना शहरापासून साठेक किलोमीटरवर. दृश्यकला पदवीचा, म्हणजे बीएफएचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देता येते आणि तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र यांची कसोटी लागते. शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्यांना हे विषय परके नसतात. दुर्दैवाने या परीक्षांकडे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांची सोय म्हणूनच पाहिले जाते. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते.

या चार वर्षांत ॲनिमेशन किती शिकविले जाते? प्रामाणिक उत्तर : फारसे नाही. मानवाकृतीचे रेखाटन, यथार्थदर्शन, रंग, अक्षरांकन, जाहिरातकला यांतच विद्यार्थ्याचा वेळ जातो. ज्याला पहिल्याच वर्षी पडद्यावर हलणारे पात्र हवे असते, त्याची निराशा होते. पण या पायावर पुढे काय उभे राहू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गीतांजली राव १९९४ मध्ये ‘जेजे’तून उपयोजित कलेची पदवी घेऊन बाहेर पडल्या. ॲनिमेशन त्या महाविद्यालयात नव्हे, तर राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता शिकल्या. ‘प्रिंटेड रेनबो’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट त्यांनी एकहाती रंगविला. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो गौरविला गेला. २०१९ चा त्यांचा ‘बॉम्बे रोज’ हा पूर्ण लांबीचा चित्रपटही चौकट-चौकट रंगवून साकारलेला असून, व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला.

खुद्द राम मोहन यांची कथा मात्र वेगळी आहे, आणि ती सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे आणि २०१४ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले राम मोहन रसायनशास्त्राचे पदवीधर. पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून ते १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या त्या विभागात आले आणि वीक्स यांच्या हाताखाली घडले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. कलाशाळेची पदवी नसतानाही माणूस या क्षेत्रात शिखर गाठू शकतो, एवढे यातून सिद्ध होते. मात्र त्यांना सरकारी पगारावर, निष्णात गुरूच्या शेजारी बसून शिकावयास मिळाले. शुल्क भरून शिकणाऱ्या आजच्या मुलाच्या वाट्याला तसे क्वचितच येते.

कला महाविद्यालयानंतर विशेष शिक्षण घ्यावयाचे असेल, तर दोन नावे सर्वांत आधी घ्यावी लागतात : अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, आणि आयआयटी मुंबईतील आयडीसी. आयडीसीच्या पदव्युत्तर ॲनिमेशन अभ्यासक्रमासाठी ‘सीड’ ही परीक्षा द्यावी लागते आणि बीएफए झालेला विद्यार्थी तिला पात्र असतो. बारावीनंतर थेट डिझाइनच्या पदवीला जायचे असेल, तर आयआयटींसाठी ‘यूसीड’ आहे. तिला शाखेची अट नाही, कला शाखेची मुलेही बसू शकतात. अडचण आहे ती प्रश्नपत्रिका इंग्रजीत असण्याची. मराठी माध्यमातील मुलाचा हात कितीही चांगला असला, तरी प्रश्न समजून घेण्यातच त्याचा वेळ जाऊ शकतो. ही उणीव वर्षभराच्या सरावाने भरून निघते. पण त्यासाठी ही परीक्षा असते, हे अकरावीतच ठाऊक असावयास हवे.

खासगी संस्थांना सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. गेल्या सुमारे तीन दशकांत या उद्योगाला लागणारे मनुष्यबळ बहुतांशी त्यांनीच पुरविले. मात्र मोठ्या नावाच्या संस्थांच्या अनेक शाखा स्थानिक चालक परवाना घेऊन चालवितात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. प्रवेशापूर्वी पालकांनी जाहिरात बाजूला ठेवून त्या शाखेतील शिक्षकाने स्वतः कोणत्या स्टुडिओत काम केले आहे, हे विचारावे. गेल्या तुकडीच्या मुलांच्या कामाची चित्रफीत पाहण्यास मागावी. हाती पडणार ते प्रमाणपत्र की विद्यापीठाची पदवी, आणि अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडल्यास पैसे परत मिळतात काय, हे लेखी घ्यावे. ‘शंभर टक्के नोकरी’ असे तोंडी सांगणाऱ्याला तेच कागदावर लिहून देण्यास सांगितले, की बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

नोकरीचा प्रश्न खरोखरच नाजूक झाला आहे. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेल्यांना सुरुवातीला मिळणारे काम बहुधा दृश्यपरिणामांच्या विभागातील असते. चित्रीकरणातील आकृती चौकटीगणिक कापून वेगळी करणे म्हणजे ‘रोटो’, तारा व खांब पुसणे म्हणजे ‘पेंट’. हे काम मोठ्या प्रमाणावर परदेशी चित्रपटांचे असते आणि तेथे खोकला आला की मुंबईत ताप येतो. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखक-अभिनेत्यांचा संप झाला, त्याची झळ येथील स्टुडिओंना बसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा समूह आर्थिक संकटात कोसळला आणि बंगळुरू-मुंबईतील सुमारे तीन हजार जणांचे काम एकाएकी थांबले. त्यात अनुभवी कलावंतही होते. उत्तम हात असणे म्हणजे कवच नव्हे. शिवाय कापण्या-पुसण्याची कामे कृत्रिम बुद्धिमत्ता झपाट्याने आपल्याकडे घेत आहे. कथेचा चित्रआराखडा, पात्ररचना, दृश्याची मांडणी ही कामे तुलनेने टिकून आहेत आणि ती चित्र काढणाऱ्याकडेच जातात.

शासनाने मात्र या क्षेत्रावर मोठी भिस्त ठेवली आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याच वर्षी मुंबईत केंद्राच्या पुढाकाराने भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयसीटी, सुरू झाली. पण स्टुडिओ आहेत ते मुंबई-पुण्यात. जालन्याच्या मुलाला शिक्षणासाठी नाही तरी नोकरीसाठी घर सोडावेच लागते, आणि पहिल्या पगारातून मुंबईचे भाडे भागवावे लागते. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता त्यात धरला, तर हिशेब कोठे बिघडतो हे सहज दिसते. शासकीय महाविद्यालयाच्या शुल्काचे महत्त्व येथे कळते.

स्टुडिओत अर्ज करताना गुणपत्रिकेपेक्षा पाहिली जाते ती उमेदवाराची ‘शोरील’, म्हणजे निवडक कामाची एक-दोन मिनिटांची चित्रफीत. सर्वांत चांगला तुकडा आधी ठेवावा, कच्चे काम वगळावे आणि समूहात केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहावे. डिझाइन संस्थांच्या मुलाखतीत मात्र कच्ची रेखाटनवहीही आवर्जून पाहिली जाते. मोंढ्यातील हमाल, बसस्थानकावर पेंगणारे प्रवासी, आठवडी बाजारातील शेळ्या यांनी भरलेली वही तेथे पाठ्यपुस्तकातून उतरविलेल्या चित्रांपेक्षा उजवी ठरते.

‘सीड’ व ‘यूसीड’चे अर्ज साधारणतः ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा जानेवारीत होते. बारावीच्या तयारीच्या धांदलीत ही तारीख निसटते आणि वर्ष हातचे जाते. राज्याची दृश्यकला प्रवेश परीक्षा त्यानंतर, उन्हाळ्यात होते. तिची अधिसूचना राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते.