दुसऱ्याचा सेटअप आपल्याला का मानवत नाही?

बेंगळुरू : इब्लूरच्या चौकापासून दोड्डकन्नेल्ली, कार्मेलराममार्गे सर्जापूरला जाणाऱ्या सर्जापूर रोडवर संध्याकाळची वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्याच रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या निवासी संकुलांत पुणे, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. तेथे रात्री कोणी टेबलाला स्टिअरिंग घट्ट बसवून पडद्यावरच्या गाडीत बसतो आणि ताशी अडीचशे किलोमीटरचा वेग गाठतो. सिम रेसिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात नवख्याला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : अमुक वेगवान चालकाचा सेटअप उतरवून घे. तो उतरवून घेतला जातो, प्रसंगी दरमहा शुल्क भरून विकतही घेतला जातो. आणि पुष्कळदा गाडी तिसऱ्या-चौथ्या वळणावरच गर्रकन फिरून भिंतीला लागते.

यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र बहुधा चुकीचा असतो. गाडी तीच, ट्रॅक तोच, सेटअपही तोच. मग उणीव आपल्यातच, असे तरुण स्पर्धक धरून चालतो. अर्जुन आणि कुश मैनी हे बंधू याच शहरातले; कुशने मे २०२५ मध्ये मोनॅको येथील फॉर्म्युला-२ची स्प्रिंट शर्यत जिंकली. अशा शहरात हा गैरसमज केवळ करमणुकीपुरता राहत नाही. प्रत्यक्ष कार्टिंगचा एक हंगामही मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जातो, त्यामुळे अनेकांना परवडणारा ट्रॅक पडद्यावरचाच असतो. ग्रॅन टुरिस्मो या गेमवर आधारित निवड स्पर्धा २०११ मध्ये जिंकून ब्रिटनचा जॅन मार्डेनबरो व्यावसायिक शर्यतपटू झाला, हे उदाहरण त्यांच्यासमोर आहे. एका फाइलवरून स्वतःची पात्रता ठरवणे अशा वेळी महागात पडू शकते.

सेटअप म्हणजे गाडीत करता येणाऱ्या जुळवण्यांचा एकत्रित संच. टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगांची कठीणता, गाडीची जमिनीपासूनची उंची, मागच्या पंखाचा कोन, पुढच्या आणि मागच्या चाकांवरील ब्रेकची वाटणी, डिफरन्शियलची घट्टता असे कित्येक आकडे त्यात येतात. यांपैकी एकही आकडा स्वतःहून वेगवान नसतो. प्रत्येक आकडा एखाद्या तक्रारीचे उत्तर असतो. वळणात शिरताना गाडीचे नाक आत येत नाही, अशी तक्रार असलेला चालक पुढचा अँटी-रोल बार सैल करतो किंवा ब्रेकचा भार थोडा मागे सरकवतो. गाडीचे नाक चपळ होते, पण त्याची किंमत मागच्या चाकांची स्थिरता ही असते. ती किंमत मोजण्याची ऐपत त्याच्या हातांत आणि पायांत असते म्हणून त्याला तो व्यवहार फायद्याचा ठरतो. फाइल उतरवून घेणाऱ्याला उत्तर तेवढे मिळते. मूळ तक्रार त्याची नसतेच.

फॉर्म्युला-वनमध्ये हे अनेकदा उघड झाले आहे. १९९५ मध्ये बेनेटन संघात मायकेल शूमाखर आणि जॉनी हर्बर्ट यांच्याकडे एकाच आराखड्याची बी-१९५ गाडी होती. शूमाखरला मागून सैल, पण पुढून धारदार गाडी लागे. तो त्या वर्षी विश्वविजेता झाला. हर्बर्टनेही दोन शर्यती जिंकल्या, मात्र सहकाऱ्याच्या वेगाच्या जवळ तो क्वचितच पोहोचला. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये रेड बुल संघात मॅक्स व्हर्स्टॅपेनचा सहकारी राहिलेल्या ॲलेक्स अल्बॉनने मॅक्सच्या पसंतीच्या गाडीची तुलना संवेदनशीलता कमाल पातळीवर नेलेल्या संगणकाच्या माऊसशी केली होती. हात जरा हलला की खूण पडद्याच्या पार टोकाला! फॉर्म्युला-वनपर्यंत पोहोचलेल्या चालकाची ही स्थिती असेल, तर कार्यालयातून थकून आलेल्या हौशी चालकाने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

फरकाचे मूळ वळणाच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये सापडते. काही चालक सरळ रेषेत जोरात ब्रेक मारून तो सोडतात आणि मग स्टिअरिंग वळवतात. काही जण वळणाच्या मध्यापर्यंत ब्रेक हळूहळू सोडत नेतात. दुसऱ्या पद्धतीत गाडीचा भार पुढच्या टायरांवर टिकून राहतो, त्यांची पकड वाढते आणि गाडी वळते. असा चालक सेटअप करताना मागचा भाग स्थिर राहील याची तजवीज करतो, कारण वळवण्याचे काम त्याचा पायच करतो. तोच सेटअप पहिल्या पद्धतीच्या चालकाला दिला की गाडी वळतच नाही. ‘ही तर बैलगाडी आहे’ असे तो म्हणतो. उलट दिशेने देवाणघेवाण झाली, तर भिंत गाठली जाते.

टायरच्या दाबाचे गणित याहून रोचक आहे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये २०२३च्या १.९ आवृत्तीने टायरचे वर्तन बदलले आणि कोरड्या ट्रॅकवर तापलेल्या टायरचा योग्य दाब साधारण २६ ते २७ पीएसआय मानला जाऊ लागला. त्यापूर्वीच्या सेटअप फाइली एका रात्रीत कालबाह्य झाल्या, हा भाग वेगळा. परंतु फाइलमध्ये लिहिलेला दाब थंड टायरचा असतो. तो किती चढेल हे तापमानावर आणि चालवण्यावर अवलंबून असते. वायूच्या साध्या नियमाने हिशेब केला, तर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास टायरमधील हवा १० अंशांनी अधिक तापल्यास दाब सुमारे १.२ पीएसआयने वाढतो. म्हणजे योग्य मानला जाणारा सारा पट्टा तेवढ्यातच ओलांडला जातो. वळणात टायर घसरवत नेणारा चालक तो जास्त तापवतो, अलगद चालवणारा कमी. एकाच फाइलने एकाचा टायर फुगतो आणि दुसऱ्याचा नेमका बसतो, तो यामुळे.

गेममध्ये आणखी एक घटक येतो, जो खऱ्या गाडीत नसतो : उपकरण. महागड्या पेडलमध्ये दाब मोजणारा लोड सेल असतो. स्वस्त पेडल केवळ ते किती खाली गेले एवढेच मोजते. स्नायूंना अंतरापेक्षा जोर अधिक नेमका लक्षात राहतो, त्यामुळे लोड सेलवर सराव केलेला चालक ब्रेकचा भार बिनधास्त मागे ठेवू शकतो. हातातल्या कंट्रोलरच्या इवल्याशा ट्रिगरवर तीच वाटणी वापरली की मागची चाके थांबतात आणि गाडी फिरते. कंट्रोलरवरून खेळताना स्टिअरिंगची हालचाल गेमच मऊ करून देतो, हे वेगळेच. सेटअप वाटणारा सहसा आपले उपकरण सांगत नाही. माझ्या मते, आकड्यांपेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे.

कार्टिंगमध्ये याचे शारीरिक रूप दिसते. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारख्या ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टला स्प्रिंगही नसते आणि डिफरन्शियलही नसते. वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले गेले तरच कार्ट मोकळेपणाने वळते. चालकाचे वजन एकूण भाराचा मोठा हिस्सा असल्याने आसन कोठे बसवले यावर सगळा तोल ठरतो. उंच मुलासाठी बसवलेले आसन ठेंगण्या मुलाला जसेच्या तसे देणारा मेकॅनिक विरळा; गेममध्ये मात्र नेमके तेच सर्रास घडते.

क्रमवारीत अव्वल असलेल्या वेळांचे सेटअप आणखी एका कारणाने फसवे असतात. टाइम ट्रायलमध्ये टायर झिजत नाहीत, इंधनाचा भार बदलत नाही, शेजारी दुसरी गाडी नसते. तेथे एकच लॅप अचूक साधायचा असतो आणि नऊ लॅप फसले तरी चालतात. पन्नास मिनिटांच्या शर्यतीत ती चैन नाही.

मग उतरवलेली फाइल निरुपयोगी का? तसे नाही. गाडीची उंची किंवा पंखाचा कोन यांसारख्या, ट्रॅकशी अधिक निगडित गोष्टींसाठी ती चांगली सुरुवात ठरते. ब्रेकची वाटणी, अँटी-रोल बार, डिफरन्शियल आणि दाब या चार गोष्टी मात्र आपल्या हाताने जुळवाव्या लागतात, त्याही एका वेळी एकच बदलून आणि निदान पाच लॅप धावून. त्याआधी मूळ सेटअपवर सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात येतात का, हे पाहणे बरे. नाही तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळणारच नाही.

आयरेसिंगवर सर्वांना एकच सेटअप सक्तीने देणाऱ्या स्वतंत्र मालिका चालतात. असे सेटअप बहुधा मुद्दाम सावध ठेवलेले असतात, म्हणजे गाडी फिरण्याऐवजी वळणात बाहेर ओढली जाईल. वेगवान चालक त्याबद्दल कुरकुरतात, नवखे खूश असतात. आणि शर्यत संपल्यावर पहिल्या व विसाव्या क्रमांकातले अंतर बहुधा तेवढेच उरते.