पाळीच्या दिवसांत पोहावे की नाही?

मध्यंतरी एक आई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी नववीत, शाळेच्या पोहण्याच्या संघात. जिल्हा पातळीवरची स्पर्धा आठवड्यावर आलेली आणि पाळीची तारीख नेमकी त्याच दिवशी. "डॉक्टरबाई, पाळी पुढे ढकलायची गोळी लिहून द्या," आई म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसलेली.

ही गोळी मागायला बायका येतात त्या बहुधा गणपती, महालक्ष्म्या, नाहीतर घरात लग्नकार्य असले म्हणजे. पोहण्यासाठी कोणी मागितल्याची माझ्याकडची ही पहिलीच वेळ. म्हणून मी मुलीलाच विचारले, "एरवी पाळीत सरावाला जातेस का?" तर नाही. दर महिन्याला पाच दिवस ती काठावर बसते आणि पोट दुखते म्हणून सरांना सांगते. म्हणजे वर्षाचे साठ दिवस झाले. दोन महिने सराव बुडवायचा आणि मागे पडली की 'हिचे लक्ष नाही' म्हणायला सगळे मोकळे!

आईला काळजी वेगळीच होती. "पाण्यात गेलं की अंगावरचं थांबतं. मग ते आत साठून गाठ होते ना?" हेच मी लहानपणी आमच्या गावच्या विहिरीवर ऐकले आहे. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आम्ही मुली त्या दिवसांत विहिरीकडे फिरकत नसू.

खरे काय होते ते पाहू. गर्भाशयाच्या आतले अस्तर सुटून बाहेर पडते, ती पाळी. पाण्यात उतरले म्हणून हे काम थांबत नाही. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे स्राव तेवढ्यापुरता कमी बाहेर येतो, इतकेच. वर आल्यावर तो पुन्हा नेहमीसारखा येऊ लागतो. गाठ होत नाही, पाणी गर्भाशयात शिरत नाही, गार पाण्याने पाळी बंदही पडत नाही. उलट हलक्या व्यायामाने अनेकींचे ओटीपोटाचे दुखणे कमी होते.

तलाव बाटतो, असेही म्हणतात. एका पाळीत सगळे मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते. चहाचा लहान कप अर्धाही भरत नाही. तेही चार-पाच दिवसांत. तलावात लाखो लिटर पाणी असते आणि त्यात क्लोरीन असते. साचलेल्या, हिरव्या पाण्यात मात्र कोणीच उतरू नये, पाळी असो वा नसो.

आता मुख्य अडचण, वापरायचे काय? नेहमीचा पॅड पाण्यात कुचकामी. तो पाणीच शोषून जड होतो. योनीमार्गात ठेवायचा कापसासारखा टॅम्पॉन किंवा सिलिकॉनचा पाळीचा कप, हे दोन पर्याय आहेत. पहिल्यांदा वापरताना सर्वांत कमी शोषणाचा टॅम्पॉन घ्यावा, आधी हात धुवावेत आणि आठ तासांपेक्षा जास्त वेळ तो आत ठेवू नये. पोहून झाल्यावर बदललेला बरा. टॅम्पॉन आत असताना अचानक मोठा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल पुरळ असे काही झाले तर तो काढून ताबडतोब डॉक्टर गाठावा. हा आजार फार क्वचित होतो, पण गंभीर असतो. कप उकळून घेऊन वर्षानुवर्षे वापरता येतो, मात्र तो जमायला दोन-तीन पाळ्या जातात. म्हणून पहिला प्रयोग घरी करावा, स्पर्धेच्या सकाळी नव्हे.

इथे आईने आवाज खाली आणून विचारले, "पण लग्नाआधी असलं काही...?" योनीमुखाचा पातळ पडदा लवचिक असतो, कधी ताणला जातो, कोणाकोणाचा जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून मुलीच्या चारित्र्याचा अंदाज बांधणे शुद्ध अडाणीपणा आहे. हे मी जरा मोठ्यानेच बोलले, बाहेरच्या बाकावर ऐकू गेले असेल!

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या फू युआनहुई हिने रिले शर्यतीनंतर दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर सांगितले, की आदल्या रात्री तिला पाळी आली होती आणि थकवा वाटत होता. त्यांचा संघ चौथा आला. पाळीत पोहता येते, हेच तिच्या देशातल्या अनेकांना तेव्हा नवे होते. आपण एकटेच मागे नाही तर!

गोळीचे म्हणाल तर ती संप्रेरकाची असते. तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू करावी लागते. मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे असे त्रास होऊ शकतात. यकृताचा आजार किंवा पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेली असेल तर ती घेऊ नये. दुकानातून परस्पर आणू नये, हे वेगळे सांगायला नकोच. ज्यांचा पॅड तासा-दोन तासाला भिजतो, चक्कर येते, त्यांनी पोहणे बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्यावे.

गोळी मी दिली नाही. दोन दिवसांनी आई एकटीच येऊन टॅम्पॉनची माहिती पुन्हा विचारून गेली. मुलीची पाळी मात्र स्पर्धा उरकल्यावर दोन दिवसांनी आली. परीक्षा-स्पर्धांच्या ताणाने असे पुष्कळदा होते. त्याच पाळीच्या तिसऱ्या दिवशी ती सरावाला पाण्यात उतरली.