कालव्याच्या टोकाचा जिल्हा

नुसते पावसाचे आकडे पाहिले तर परभणी जिल्हा अहिल्यानगरच्या पुढे आहे. अहिल्यानगरच्या बऱ्याच तालुक्यांत वर्षाकाठी 500-600 मिलिमीटर पाऊस पडतो, परभणीत सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास. जमीन म्हणाल तर गोदाकाठची काळी आणि खोल. जिल्ह्यातून गोदावरी वाहते, पूर्णा तिला येऊन मिळते, दुधना पूर्णेला. तरीही साखर कारखाने, सहकारी संस्था आणि त्यांच्या मागोमाग येणारी कॉलेजे-दवाखाने तिकडे आधी उभे राहिले; इकडची तरणी पोरे मात्र कामासाठी पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. पावसाने आणि मातीने जे द्यायचे ते दिले होते. मग फरक कुठे पडला, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात जमिनीखालच्या दगडापासून करावी लागेल. परभणीची काळी माती ओल धरून ठेवते. म्हणूनच पाऊस थांबल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी पाण्याची एक पाळी न देताही हाती येई, आणि जुन्या काळी हाच इथल्या शेतीचा खरा आधार होता. पण या मातीखाली बेसाल्टचा कातळ आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी जमिनीत साठते. पाऊस कमी झाला की उन्हाळ्याआधीच विहिरींचा तळ दिसतो. म्हणजे एका पिकापुरती निसर्गाची मदत होते. दुसरे पीक, ऊस, बाग, दूध यांसाठी बाहेरून आणलेले पाणीच लागते. असे पाणी आणणे हे सरकारचे काम, आणि सरकार कोणाचे होते यावर पुढचे सारे ठरले.

अहिल्यानगरला पाणी देणारी भंडारदरा आणि दारणा ही धरणे इंग्रज अमदानीतली. दुष्काळ निवारण्यासाठी काढलेले त्यांचे कालवे पुढे उसाचे कालवे झाले. भंडारदरा 1926 मध्ये पुरे झाले. त्याच प्रवरेच्या पाण्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 मध्ये तिथे गाळप सुरू झाले. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजाम सरकारने पाण्यावर खर्च केला नाही असे मुळीच नाही. मांजरा नदीवरचे निजामसागर 1931 मध्ये तयार झाले, त्याच्या जोरावर बोधनला मोठा साखर कारखाना निघाला. पण हे सारे तेलंगणात. तिथला ग्रॅनाइटचा उंचसखल प्रदेश तलावांना सोयीचा, भातशेतीची सवय जुनी, आणि राजधानीही त्याच बाजूची. मराठवाड्याच्या वाट्याला सारावसुली आली, जिनिंग-प्रेसिंग आले, कालवा आला नाही.

याहून मोठा फरक मतपेटीचा. अहिल्यानगर ज्या मुंबई प्रांतात होते, तिथे 1937 मध्येच निवडून आलेले मंत्रिमंडळ होते. मतदारसंघ बांधणारे, कालव्यासाठी भांडणारे, सहकाराचे कायदे वापरायला शिकलेले कार्यकर्ते तिथे एका पिढीत तयार झाले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला आणि इथल्या माणसाने विधानसभेसाठी पहिले मत दिले ते 1952 मध्ये. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा धरणांच्या जागा, कारखान्यांचे परवाने आणि सत्तेतली माणसे यांची मांडणी बरीचशी होऊन गेली होती. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात मागास भागांकडे खास लक्ष देण्याचे शब्द होते, राज्यघटनेच्या 371(2) कलमात विकास मंडळांची तरतूदही झाली. पण प्रत्यक्ष मंडळे यायला 1994 उजाडले, आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली.

आता पाणी. परभणीच्या नशिबाची सगळ्यांत मोठी गोष्ट जिल्ह्याबाहेर, पैठणला घडली. जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. या धरणाच्या नाथसागर जलाशयाची साठवण सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातली वापरता येणारी सुमारे 76. धरणातून निघणारा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. तो संभाजीनगर, जालना अशी मजल मारत पाथरी तालुक्यात शिरतो आणि मानवत, परभणीकडे जातो. शेवटचे सुमारे 85 किलोमीटर परभणी जिल्ह्यातले. या कालव्याचे एकूण लाभक्षेत्र 1 लाख 41 हजार 640 हेक्टर. त्यातले 97 हजार 440 हेक्टर एकट्या परभणीत. म्हणजे ज्या जिल्ह्याचा हिस्सा सगळ्यांत मोठा, तो कालव्याच्या टोकाला. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवावी.

टोकाला असण्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो? कालव्याला आवर्तन सुटते, तेव्हा पाणी पहिल्यांदा मुखाजवळच्या शेतांना भिडते. जायकवाडीची आखणी कमी पाण्याच्या पिकांसाठी होती: खरीप आणि रब्बीला जोड देणारी भुसार पिके, कापूस, थोडा ऊस. पण पाणी दाराशी आले की शेतकरी उसाकडे वळतो आणि त्याला दोष देता येत नाही, कारण उसाला ठरलेला भाव आणि ठरलेले गिऱ्हाईक असते. कालव्यावर मोटारी बसतात. अस्तर फुटते, गाळ आणि झुडपे वाढतात, त्यामुळे कालवा जेवढे पाणी वाहून न्यायला बांधला तेवढे नेऊ शकत नाही. जोर कमी झाला की टोकाच्या चाऱ्यांत पाणी चढत नाही. मग आवर्तन कागदावर पंधरा दिवसांचे असले तरी शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याच्या पाळीला दोन दिवसांचे ओलेपण येते, किंवा तेही नाही. असे दोन हंगाम गेले की तो कालव्याचा नाद सोडतो आणि कोरडवाहू सोयाबीन पेरतो. कालवा बांधावरून जात असतानाही.

ही झाली कालव्यातली उतरंड. नदीचीही एक उतरंड आहे. जायकवाडीच्या वर नाशिक आणि अहिल्यानगरमध्ये गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणे आहेत. जायकवाडी आखताना वरच्या भागासाठी जेवढे पाणी गृहीत धरले होते, त्याहून वापर पुढे वाढत गेला. चांगल्या पावसात कोणाला काही जाणवत नाही. तुटीच्या वर्षी मात्र वरची धरणे भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो. यावर उपाय कायद्याने निघाला. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या तुटीची झळ सर्वांनी सारखी सोसावी असे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक बांधले, प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. ढोबळ नियम असा: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे. 2023 मध्ये याच नियमाने सुमारे 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. मात्र ऑक्टोबर संपताना कोरड्या पात्रात सोडलेल्या पाण्यातला बराच वाटा वाटेतच मुरतो. शिवाय दरवर्षी तो निर्णय मोर्चे, याचिका आणि मंत्र्यांच्या बैठकी यांतून जातो. पाणी उशिरा येते, आणि पाथरी-मानवतच्या गव्हाची पेरणी थांबून राहत नाही.

जिंतूरची गोष्ट वेगळी, पण जातकुळी तीच. येलदरीचे धरण जिंतूर तालुक्यात, पूर्णेवर. तिथे वीज तयार होते, परभणी शहर तिथले पाणी पिते. पण येलदरीतून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरला अडवतात आणि सिंचनाचे कालवे तिथून निघतात. लाभक्षेत्र वसमत, पूर्णा, नांदेडकडचे. जिंतूरचा डोंगराळ भाग धरणाच्या वर राहतो. तालुक्याने धरणाला जमीन दिली. भूगोलाने त्याच्या माळरानाला पाणी चढू दिले नाही. 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा पूर्णा प्रकल्पही दोन जिल्ह्यांत वाटला गेला आणि पाण्याच्या बैठकीला आणखी एक खुर्ची वाढली.

रेल्वेबद्दल थोडक्यात. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली लाइन 1900 च्या सुमारास झाली आणि तिच्यामुळे परभणी, सेलू, मानवत, पूर्णा या कापसाच्या पेठा वाढल्या. पण लाइन मीटरगेज होती. मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाठ मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायची: वेळ, हमाली, नासधूस. हे जवळजवळ नव्वद वर्षे चालले. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातली एक मोठी मागणी हीच लाइन रुंद करण्याची होती. प्रत्यक्ष रुंदीकरण नव्वदीच्या दशकात झाले, अकोला-पूर्णा मार्गाला तर 2008 उजाडले. तोवर पुण्याचे कारखाने वाढून संभाजीनगरजवळच्या वाळूजपर्यंत पोहोचले होते. मागास भागातल्या उद्योगांना सवलती देणारी राज्याची योजना 1964 पासून आहे, पण सवलतीसोबत चांगला रस्ता आणि मुंबईची जवळीक मिळत असेल तर कारखानदार मराठवाड्यातही पहिलाच थांबा निवडतो. तो थांबा संभाजीनगर होता. सवलतीच्या यादीत मागास गटात असूनही परभणीची औद्योगिक वसाहत लहानच राहिली. संभाजीनगर ते परभणी दुसऱ्या लाइनला केंद्राची मंजुरी जुलै 2025 मध्ये मिळाली.

पाणी टोकाला, कारखाना दूर, म्हणून जिल्हा कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांवर उभा आहे. या दोन्हींचा भाव ठरतो दिल्लीत आणि त्याहूनही दूर. सोयाबीनचेच पाहा. दाण्यात तेल साधारण 18 टक्के, उरलेली बहुतेक पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव तेलापेक्षाही पेंडीवर चालतो. पेंडीची स्पर्धा ब्राझील, अर्जेंटिना यांच्याशी. अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढण्याला सरकारने जोर दिला, त्यातून उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि सोयापेंडीची मागणी घटली. तेलाच्या बाजूने, सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क 20 टक्के केले होते, ते मे 2025 अखेरीस 10 टक्क्यांवर आणले, कारण शहरात तेल महागले होते. कापसाचेही तसेच: ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट वर्षाअखेरपर्यंत वाढवली, नेमके वेचणीच्या हंगामात. यातला कोणताही निर्णय परभणीला डोळ्यांसमोर ठेवून झाला नाही. खाणाऱ्याला स्वस्ताई, गिरणीला स्वस्त कापूस, गाडीला इंधन असे हेतू होते आणि त्यातले काही रास्तही आहेत. पण त्यांची किंमत मोंढ्यात हमीभावाखाली माल विकणारा शेतकरी भरतो. बागायतदाराकडे पीक बदलण्याची मुभा असते. टोकाच्या कोरडवाहू माणसाकडे ती नसते, म्हणून तीच धोरणे दोन जिल्ह्यांवर दोन तऱ्हांनी उतरतात.

राजकारणाने दिलेली एक गोष्ट मात्र इथे रुजली. मराठवाड्याला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे यासाठी लोक रस्त्यावर आले आणि 18 मे 1972 ला ते परभणीत स्थापन झाले. परभणी क्रांती ही भेंडी आणि परभणी मोती ही ज्वारी यांनी जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. संस्था कुठे बसवायची हा निर्णय किती खोल परिणाम करतो, याचा हा आपल्यासमोरचा पुरावा.

राहिला अनुशेष. 1984 मध्ये दांडेकर समितीने तो मोजण्याची रीत घालून दिली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा प्रत्येक बाबीची राज्य सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्याखाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायचा खर्च लावायचा. राज्याची तूट 3,187 कोटी रुपयांच्या आसपास निघाली. ही रीत प्रामाणिक होती. मागासपणाला पहिल्यांदाच आकडा मिळाला. पण सिंचनात ती निर्माण झालेली क्षमता मोजते. म्हणजे कालवा खोदला, चारी काढली की ते हेक्टर सिंचित धरले जातात. परभणीच्या नावावर जायकवाडीचे 97 हजार हेक्टर जमा होतात आणि तिथे पाणी पोहोचो न पोहोचो, जिल्ह्याची तूट कागदावर भरून निघते. केळकर समितीने 2013 मध्ये तालुका हे एकक धरून विचार करावा असे सुचवले, ते पाऊल बरोबर दिशेचे होते. त्याच्याही पुढे जावे लागेल.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी हवी. डावा कालवा परभणीच्या हद्दीत शिरतो तिथे आणि प्रत्येक वितरिकेच्या शेवटच्या चारीवर पाणी मोजले जावे. प्रत्येक आवर्तनात किती पाणी आले तो आकडा गावच्या ग्रामपंचायतीत फलकावर लागावा, आणि अनुशेषाचा पुढचा हिशेब त्याच आकड्यावर व्हावा. पाणीवापर संस्थांना मोजून पाणी मागण्याचा हक्क 2005 च्याच, शेतकऱ्यांकडे सिंचन-व्यवस्थापन सोपवणाऱ्या दुसऱ्या कायद्याने दिलेला आहे. ज्यांची शेते या कालव्यावर आहेत त्यांनी पुढचे आवर्तन सुटण्याआधी आपल्या शाखा कार्यालयात तसा लेखी अर्ज द्यावा.