बस घेण्याचा पैसा आणि बस चालवण्याचा पैसा

‘सरकारने इतक्या हजार बस मंजूर केल्या’ अशी बातमी आपण वाचतो आणि बरं वाटतं. आज आपण त्यापुढचा प्रश्न विचारू या. बस आली, पण ती रोज चालवायची कोणाच्या पैशाने?

इथे खर्च दोन प्रकारचे आहेत, ते आधी वेगळे करू. बस, आगार, चार्जिंगची सोय हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, उद्घाटनही होतं. चालक-वाहकांचे पगार, डिझेल किंवा वीज, टायर, सुटे भाग हा रोजचा खर्च. तिकीट सगळ्यांना परवडेल असं ठेवायचं म्हटलं, तर नुसत्या तिकिटातून तो सहसा भागत नाही.

२००९ मध्ये जेएनएनयूआरएम योजनेतून केंद्राने शहरांना बसखरेदीसाठी पैसे दिले. नव्या लो-फ्लोअर गाड्या रस्त्यावर आल्या. पण त्या चालवण्याचा भार शहरांवरच राहिला. मग काय झालं? सुट्या भागांना आणि दुरुस्तीला पैसे पुरेनात, आणि अनेक शहरांत या गाड्या आगारातच उभ्या राहू लागल्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेची मांडणी वेगळी आहे. एकूण अंदाज ५७,६१३ कोटी रुपयांचा, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, आणि उद्दिष्ट १०,००० ई-बसचं. यात केंद्र बस चालवण्यासाठी १० वर्षं मदत करणार आहे, आणि खासगी कंपनीला पैसे मिळतात ते बस जितके किलोमीटर धावेल त्या हिशेबाने. म्हणजे गाडी उभी ठेवून फायदा नाही. मात्र उरलेला वाटा राज्याने आणि शहराने वेळेवर भरला, तरच हे गणित जमतं.

आता आपल्या एसटीकडे येऊ. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला. या सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. याला आपण चटकन ‘एसटीला मदत’ म्हणतो. खरं तर ती मदत नव्हे, प्रवाशाच्या वतीने सरकारने भरलेलं तिकीट आहे. ते पैसे रखडले, तर त्याची झळ डिझेलला, दुरुस्तीला आणि पगारालाच बसते.

आणि शेवटी कोणाला? तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो. पण सकाळची गाडीच बंद झाली, तर तो पास घेऊन तिने काय करायचं? कितीतरी घरांत तिची शाळा तिथेच सुटते.

म्हणून पुढच्या वेळी नव्या बसची घोषणा ऐकली, की आपण एवढंच विचारू या: या गाडीच्या पाचव्या वर्षाच्या डिझेलची, विजेची, टायरची तरतूद कुठे आहे?