तृणमण्याची ओढ

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा चारसहा वेळा फिरवावा आणि तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्यावा. कपटे टुणकन उडून त्याला चिकटतात! हे सामर्थ्य कंगव्याच्या अंगी कोठून बरे आले?

तृणमणी म्हणजे पुरातन वृक्षांची दगडासारखी झालेली राळ. तो घासला असता गवताच्या काड्या ओढून घेतो. म्हणून तर त्याचे हे नाव! ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली काच, गंधक इत्यादी पदार्थांतही हाच गुण असल्याचे दाखविले. कारण उमगावयास मात्र आणखी जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी अणूतील ऋणभारित कण शोधून काढला. त्याला तृणमण्याचेच ग्रीक नाव मिळाले.

अणूच्या गाभ्यात धनभार असतो व भोवती इलेक्ट्रॉन असतात. एरवी दोहोंचा तोल सांभाळलेला असतो. घर्षण होताच केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. कंगवा ऋणभारित होतो, केस धनभारित होतात. वीज नव्याने निर्माण होत नाही. भाराची केवळ जागा बदलते. पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो, कारण दमट हवेत भार टिकत नाही.

हाच खेळ पेट्रोलपाशी घातक ठरतो. नळीतून वाहताना पेट्रोलवरही भार साठतो, आणि एका ठिणगीने त्याच्या वाफेचा भडका उडू शकतो. म्हणून टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडतात. साठलेला भार त्या वाटेने निमूटपणे भूमीत उतरतो.