एका परीक्षकाचे चार गुण

जयंतीच्या गीतगायन स्पर्धेचा निकाल लागला की मंडपाच्या मागच्या बाजूला थोडी कुजबुज होतेच. “आमच्या पोराला डावललं,” असे कुणीतरी म्हणतोच. बहुतेक वेळा ती हरलेल्याची चडफड असते व दुसऱ्या दिवशी विसरलीही जाते. परंतु काही निकाल चाळीस वर्षांनंतरही पचत नाहीत. न्यूयॉर्क शहरात १९८५ साली लागलेला असाच एक निकाल वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

तालावर यमक जुळवीत झपाट्याने बोलत जायचे, या कलेला रॅप म्हणतात. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागातील कृष्णवर्णीय तरुणांत हिपहॉपची चळवळ सुरू झाली, तिचेच हे अपत्य. ज्या समाजातील ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तोच हा समाज. रॅपमध्ये दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी नमवतात. आपल्याकडचा कलगी-तुरा किंवा कव्वालीचा दुरंगी सामना ज्यांनी रात्रभर जागून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

रॉक्सान शांते ही क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेली मुलगी. रॉक्सान नावाची एक मुलगी आपल्याला भाव देत नाही, म्हणून तिची टर उडवणारे एक गाणे १९८४ साली काही तरुणांनी गाजवले होते. शांतेने त्याला सडेतोड जवाब दिला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ती रेकॉर्ड इतकी गाजली की, तिला उत्तर म्हणून दुसऱ्यांनी काढलेल्या रेकॉर्डची रांगच लागली.

पुढच्याच वर्षी न्यू म्युझिक सेमिनार या संगीत संमेलनात जगज्जेतेपदाचा सामना भरला. पंधरा वर्षांची शांते एकामागून एक पुरुष स्पर्धकांना हरवीत अंतिम फेरीत पोहोचली. समोर होता बिझी बी. तोही कच्चा गडी नव्हता. सभा हसवण्यात आणि खेळवण्यात मुरलेला. परीक्षकांत होता कर्टिस ब्लो. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झालेला हा पहिला रॅपर, म्हणजे त्या क्षेत्रातला मान्यवर. शांते सांगते त्याप्रमाणे, इतर परीक्षकांनी तिला भरघोस गुण दिले, ब्लोने मात्र दहापैकी चार दिले. किताब बिझी बीकडे गेला.

ब्लोने असे का केले? शांतेने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, त्याने तिच्यापाशी कारण कबूल केले. पंधरा वर्षांची पोर सर्वश्रेष्ठ ठरली असती, तर या कलेला कुणी गांभीर्याने घेतले नसते, असे त्याला वाटले.

हे कारण नीट पाहिले पाहिजे. ही कला म्हणजे चार दिवसांचे फॅड, असे तेव्हा अनेक जण म्हणत. ब्लोला आपल्या माणसांच्या कलेची प्रतिष्ठा वाचवायची होती. हेतू समाजाच्या भल्याचा, पण किंमत मोजली एका मुलीने! विषमता ही पायऱ्यापायऱ्यांची असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला शिकवले. वरच्याने दाबलेला माणूस आपल्या खालच्या पायरीवर कोण आहे ते शोधतो. म्हणून अन्याय सोसलेला माणूस न्यायाधीश झाला की न्याय आपोआप होतो, असे मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील स्पर्धेत गुणांची बेरीज करण्याचे काम माझ्याकडे होते. दहावीतली एक मुलगी असे गायली की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला. एका परीक्षकाने तिला फार कमी गुण दिले. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “भाऊ, ती उद्या लग्न होऊन जाईल. पोरगा पुढे पार्टी काढील, नाव राखील.” मी मान हलवली आणि बेरीज पुरी केली. बेरीज बरोबर होती, निकाल चुकीचा होता. ढाल त्या मुलाला मिळाली. ती मुलगी पुन्हा स्टेजवर चढली नाही. याचा दोष त्या परीक्षकाइतकाच माझाही आहे.

एक माणूस सगळ्यांचा निर्णय कसा फिरवतो पाहा. समजा, पाच परीक्षक आहेत. चौघांनी एकीला नऊ-नऊ दिले व पाचव्याने तीन, बेरीज ३९. दुसऱ्याला पाचही जणांनी आठ-आठ दिले, बेरीज ४०. पाचांपैकी चौघांच्या मते ती सरस, तरी ती हरली! आता प्रत्येकाचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा वगळा: तिचे २७, त्याचे २४. एवढ्या साध्या नियमाने एकट्याचा पूर्वग्रह बराचसा निकामी होतो. शब्द, सूर, उच्चार आणि हजरजबाबीपणा यांचे गुण वेगवेगळे लिहावेत, कागदावर परीक्षकाची सही असावी आणि मागेल त्या स्पर्धकाला तो दाखवावा. परीक्षकांत निदान दोन महिला असाव्यात. याला पैसा लागत नाही, फक्त मनाची तयारी लागते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ते वाक्य आपण बॅनरवर लिहितो. गुणपत्रिका भरताना आठवले पाहिजे.

रॉक्सान शांतेला २०२५ साली अमेरिकेच्या रेकॉर्डिंग अकादमीने जीवनगौरव पुरस्कार दिला. आनंदच आहे. पण चाळीस वर्षे टिकून राहण्याची ताकद प्रत्येक मुलीत असतेच असे नाही. आज आपल्या वस्त्यांतील मुलीही गातात, रॅप करतात. येत्या जयंतीला त्यांच्यातली एखादी माईकपुढे उभी राहील. तिचा गुण तिच्या पदरात त्याच रात्री पडावा, एवढीच विनंती.

जयभीम!